इंग्रजी धावते, मराठी चालते

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या मराठी प्राथमिक शाळेतून चौथी उत्तीर्ण झालेले मूल पाचवीच्या वर्गात जाऊन बसते, तेव्हा त्याच्या पुढ्यातली पुस्तके बहुधा इंग्रजीत असतात. गोव्यातील शिक्षणाची घडीच अशी बसलेली आहे की, पहिल्या चार इयत्ता मराठीतून वा कोंकणीतून आणि त्यापुढचे शिक्षण बव्हंशी इंग्रजीतून. त्या मुलाला ‘रन’ हा शब्द ठाऊक असतो. रन म्हणजे धावणे किंवा पळणे, हे त्याने पाठ केलेले असते. क्रिकेटमुळे तर पाठ करण्याचीही आवश्यकता उरलेली नसते. मग विज्ञानाच्या पुस्तकात यंत्र विजेवर ‘रन’ होते, भूगोलात नदी पश्चिमेकडे ‘रन’ होते, इतिहासात कोणी राजा राज्यकारभार ‘रन’ करतो आणि गणितात एक नळ दहा मिनिटे ‘रन’ होत राहतो. ही सारी मंडळी धावत कोठे सुटली आहेत, असा प्रश्न त्या मुलाला पडला तर त्यात नवल नाही. नवल याचे की, तो प्रश्न ते सहसा विचारीत नाही. पाठ केलेला अर्थ जेथे लागू पडत नाही तेथे आपलेच काही चुकत असावे, असे समजून ते गप्प बसते.

उलट बाजूनेही हीच अडचण येते. ‘आमची शाळा सकाळी चालते’ या वाक्याचे इंग्रजी कर म्हटले की ते चटकन लिहून मोकळे होते, ‘अवर स्कूल वॉक्स इन द मॉर्निंग.’ वर्गात हशा पिकतो. शाळेला पाय कोठून फुटले, असे शिक्षकही विचारतात, आणि वाक्याखाली तांबड्या शाईची रेघ ओढली जाते. वस्तुतः शाळेला पाय त्या मुलाने दिलेले नाहीत. ते मराठी भाषेने केव्हाच देऊन ठेवले आहेत. मुलाचे चुकले ते एवढेच की, आपली भाषा जेथे चालते तेथे इंग्रजी भाषा धावते, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

ही एक गोष्ट ध्यानी आली म्हणजे ‘रन’चे निम्मे कोडे सुटते. दुकान चालते, गिरणी चालते, पंखा चालतो, खटला वर्षानुवर्षे चालतो, एखाद्याच्या पगारावर सारे घर चालते. पेडण्याच्या देवळापुढे दशावताराचे नाटक रात्रभर चालते आणि केरीहून तेरेखोलला, किंवा डिचोली तालुक्यातील नार्वे गावाहून दिवाडीला, फेरीबोट चालते. यांतील प्रत्येक चालण्याच्या जागी इंग्रज माणूस निःशंकपणे ‘रन’ म्हणेल. शाळेच्या बाबतीत तर मराठीची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. शाळा प्रथम भरते, मग चालते आणि शेवटी सुटते. भरण्याला आणि सुटण्याला इंग्रजीत निराळी क्रियापदे शोधावी लागतात. मधल्या चालण्याला मात्र ‘रन’ पुरते.

‘रन’ या शब्दाचा संसार किती वाढला आहे, याची कल्पना एका हकिकतीवरून येईल. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली, तेव्हा सर्वाधिक जागा अडविणारे क्रियापद म्हणून ‘सेट’चा लौकिक होता. त्याच कोशाच्या नव्या आवृत्तीचे काम चालू असताना ‘रन’ने त्याला मागे टाकले. या एका क्रियापदाचे तब्बल ६४५ अर्थ नोंदले गेल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले, आणि ते वेगळे करून लावण्यात पीटर गिलिव्हर या संपादकाचे सुमारे नऊ महिने खर्ची पडले. या वाढीचे श्रेय पुष्कळसे यंत्रयुगाकडे जाते. वाफेची यंत्रे आली, आगगाडी आली, मोटार आली, गणकयंत्र आले; प्रत्येक नव्या यंत्राने येताना ‘रन’ला एकेक नवा अर्थ बहाल केला.

तथापि या शब्दाचा मूळ पिंड यंत्राचा नाही, आणि केवळ पायांचाही नाही. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘रिन्नन’ असे होते आणि ते माणसाच्या धावण्याला जसे लागे तसेच पाण्याच्या वाहण्यालाही लागे. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ ‘रिन्नेन’ आजही केवळ पाण्यासारख्या पदार्थांच्या वाहण्यापुरता उरला आहे. माणसाच्या धावण्यासाठी जर्मनांनी ‘रेन्नेन’ हे रूप वेगळे काढले. इंग्रजीने हे वाटप केलेच नाही. दोन्ही भाऊ एकाच घरात राहिले. आपल्या संस्कृतातील ‘धाव्’ हा धातूही प्रवाहाच्या अर्थाने येतो. पण मराठीपर्यंत येता येता त्याने पाणी सोडले आणि पाय तेवढे ठेवले. म्हणून जेथे पाण्याचा अंश आहे तेथे मराठीत ‘रन’चा अर्थ वाहण्याने लावावा, हे बरे. नदी वाहते, व्हाळ वाहतो, नळ वाहतो, सर्दी झालेल्या मुलाचे नाक वाहते. गणिताच्या पुस्तकातला तो नळ धावत सुटलेला नसून नुसता वाहतो आहे, हे एकदा कळले की मुलाचा जीव भांड्यात पडतो. कापडाचा रंग मात्र मराठीत वाहत नाही, तो ‘जातो’. आणि वाहण्याचेही मराठीत स्वतंत्र प्रकरण आहेच. देवीला फूल वाहतात, डोक्यावरून भारा वाहतात आणि शेजारून व्हाळही वाहतो. या तिघांचे इंग्रजी करू पाहणाऱ्याची त्रेधा उडते. म्हणजे गोंधळ घालण्याचा मक्ता इंग्रजीनेच घेतलेला नाही.

येथे काही सुशिक्षितांच्या मनात एक शंका डोकावते. इंग्रज लोक उद्योगी, म्हणून त्यांची भाषा धावते. आपण संथ, म्हणून आपली चालते, असा सिद्धांत मोठ्या आवेशाने मांडला जातो. ऐकायला तो चटकदार आहे, परंतु त्यात तथ्य नाही. फ्रेंचांना कोणी आळशी म्हणत नाही. त्यांचे यंत्र धावत नाही, चालतेच. चालण्याला त्यांचा शब्द ‘मार्शे’, आणि एखादी गोष्ट मान्य असली की ते ‘सा मार्श’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः आपले ‘चालेल’. ज्या पोर्तुगीजांचा अंमल डिचोलीवर १७८१ पासून आणि पेडण्यावर १७८८ पासून १९६१ च्या डिसेंबरापर्यंत राहिला, त्यांच्या भाषेतही दोन्ही सोयी आहेत. त्यांची नदी धावते, बातमी धावते. त्यांचे घड्याळ मात्र चालते. ‘प्रिमेर ग्राव’ची परीक्षा दिलेल्या जुन्या पिढीला ही गंमत ठाऊक होती. पोर्तुगीजांच्या ‘कोर्रेर’ आणि ‘आंदार’ या क्रियापदांच्या मधोमध उभे राहून ती पिढी आपल्या धावण्या-चालण्याकडे पाहू शकत असे.

भाषांची अशी सोयरीक गोव्याच्या भूमीवरून फार पूर्वी कोणाला तरी जाणवली होती, हे सांगायला हरकत नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला, येथली भाषा शिकला, आणि पुढे त्याने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. त्याने १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांच्या घडणीशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. एक इंग्रज माणूस येथे येऊन आपली भाषा त्याच्या भाषांशेजारी ठेवून पाहतो. मग पेडण्याच्या मुलाने तोच मार्ग उलट दिशेने का चालू नये?

तो चालला तर त्याला पावलोपावली मौजा आढळतील. लॅटिनमध्ये धावणे म्हणजे ‘कुर्रेरे’. त्यापासून इंग्रजीत ‘करंट’ हा शब्द आला. करंट म्हणजे मुळात ‘धावता’. आपण त्याला काय म्हणतो? ‘चालू’! चालू वर्ष, चालू महिना, बँकेतले चालू खाते. त्याच धातूपासून ‘करन्सी’. आपण म्हणतो ‘चलन’. इंग्रजांचे नाणे धावते, आपले चालते. आणि मुक्तीनंतर पोर्तुगीज एस्कुद जेव्हा कोणी घेईना, तेव्हा लोक म्हणाले, ‘एस्कुद आता चालत नाही.’ सर्वांत मोठी मौज शाळेच्याच दारात आहे. ‘करिक्युलम’ हा भारदस्त शब्द त्याच कुळातला. त्याचा मूळ अर्थ धाव किंवा धावण्याचा मार्ग. मराठीत त्याला ‘अभ्यासक्रम’ म्हणतात, आणि ‘क्रम’ म्हणजे पाऊल टाकणे. तेथे मुलाने धावायचे, येथे एकेक पाऊल टाकायचे. लहान मुलांच्या दृष्टीने दोहोंपैकी कोणता शब्द अधिक दयाळू आहे, ते ज्याने त्याने पाहावे.

आता व्याकरणाकडे थोडे वळले पाहिजे, कारण परीक्षेतले गुण तेथे जातात. मराठीत गोष्ट आपोआप होते की कोणी ती करवितो, हे क्रियापदाच्या रूपावरूनच कळते. शाळा ‘चालते’, संस्था ती ‘चालविते’. इंग्रजीत ‘रन’ला हा पोशाख बदलण्याची सवय नाही. मुलगाही रन होतो, दुकानही रन होते, आणि दुकानदार दुकान रन करतो, रूप एकच. पुढे कर्म आले आहे की नाही, एवढ्यावरून सारा उलगडा करावा लागतो. ज्या मुलाला ‘चालणे’ आणि ‘चालविणे’ यांतला भेद आपल्या भाषेत स्पष्ट समजला आहे, ते हा प्रश्न सहज विचारील: येथे चालते आहे की कोणी चालविते आहे? ज्याला तो आपल्या भाषेत समजलेला नाही, त्याला इंग्रजीत तो कोणत्या खुणेने ओळखायचा हे सांगणे कठीण.

पण म्हणून प्रत्येक चालविण्याला ‘रन’ लावू नये. या मोहाला बळी पडणारी मुले फार. मराठी माणूस सायकल चालवितो, मोटार चालवितो, होडी चालवितो, विमानही चालवितो. एका क्रियापदाने जमीन, पाणी आणि आकाश यांतला सारा व्यवहार उरकतो. इंग्रजीत सायकलवर बसायचे ते ‘राइड’, मोटार हाकायची ती ‘ड्राइव्ह’, विमान उडवायचे ते ‘फ्लाय’. बस चालविणारा चालक आणि बससेवा चालविणारे महामंडळ यांना मराठीत एकच क्रियापद पुरते. इंग्रजीत चालक ‘ड्राइव्ह’ करतो आणि महामंडळ ‘रन’ करते. म्हापशाच्या स्थानकावर कदंब महामंडळाच्या बसकडे बोट दाखवून हा भेद एका मिनिटात समजावता येतो. फळ्यावर व्याख्या लिहून तो तासाभरातही उमगत नाही.

मराठी मुळी धावतच नाही, असा मात्र कोणी ग्रह करून घेऊ नये. संकटात शेजारी धावून येतो, भक्त देवाचा धावा करतो, पाहुणा धावती भेट देतो. आणि अलीकडच्या काळात इंग्रजीच्या सहवासाने मराठी काही ठिकाणी मुद्दाम धावायला शिकली. क्रिकेटच्या ‘धावा’ अशाच आल्या. आकाशवाणीवरून होणारे ‘धावते समालोचन’ हे तर इंग्रजीवरून उचललेले बोलच आहेत. परंतु बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी ते मराठी कानाला इतके रुळवून दिले की आता ते परके वाटत नाहीत. पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरू लागली. त्याबरोबर ‘धावपट्टी’ हा शब्द त्या पठाराच्या पायथ्याशी राहणाऱ्या गावकऱ्यांच्याही तोंडी बसला. वर्तमानपत्रांनी आता बस, रेल्वे, ट्रक या सर्वांनाच धावायला लावले आहे. बसथांब्यावरचा माणूस अजूनही ‘पेडण्याची गाडी सुटली का’ असेच विचारतो. बस धावते की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ती सुटली की नाही, याच्याशी असते.

क्रिकेटने दिलेला आणखी एक शब्द येथे विशेष विचारात घेण्यासारखा आहे. ‘रन आउट’ म्हणजे ‘धावचीत’. शब्द मोठा झोकदार आहे. पण तोच शब्द मैदानाबाहेर पडला की त्याचा अर्थ सर्वस्वी बदलतो. घरातले तांदूळ रन आउट होतात, म्हणजे संपतात. वेळ रन आउट होतो, म्हणजे उरत नाही. येथे धावचीत कोणीच नसते. मूळ कल्पना पुन्हा पाण्याचीच आहे: भांड्याला भोक पडून आतले वाहून जावे, तसे. आणि हा अर्थ न कळण्याची किंमत केवळ दोन-चार गुणांत मोजता येत नाही. डिचोली तालुक्याला ते सांगावे लागणार नाही. तेथल्या लोहखनिजाच्या खाणी पोर्तुगीज अमदानीतील परवान्यांवर उभ्या होत्या. १९८७ च्या कायद्याने त्या परवान्यांचे भाडेपट्टे झाले. भाडेपट्ट्याचा करार किती काळ ‘रन’ होतो आणि केव्हा ‘रन आउट’ होतो, या प्रश्नावर पुढे साऱ्या गोव्याचे अर्थकारण हिंदकळले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, आणि २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, त्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती. म्हणजे मधली काही वर्षे खाणी चालू होत्या, पण करार चालू नव्हता. मराठीत हे वाक्य लख्ख कळते. ज्या कागदांवर ते ठरले ते मात्र इंग्रजीत होते, आणि ज्यांची ट्रकवर, बार्जवर आणि खाणीवर पोटे अवलंबून होती त्यांतल्या पुष्कळांना ते कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले. शिरगावसारख्या खाणींच्या गावात विहिरींचे पाणी गेल्याच्या तक्रारी झाल्या, त्यांचीही तीच कथा. विहीर आटली, याला इंग्रजीत ‘रन ड्राय’ म्हणतात. ज्याची विहीर आटली त्याला आपल्याच अर्जातला तो शब्द नीट वाचता आला पाहिजे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

जड पदार्थही इंग्रजीत धावतात. म्हापशाहून कोलवाळचा पूल ओलांडून धारगळ, पेडणे आणि पत्रादेवी या बाजूने महामार्ग ‘रन’ होतो. रस्ता जागचा हलत नाही, आणि तरी इंग्रजी त्याला सतत धावता ठेवते. मराठी म्हणते, ‘पेडण्याकडे रस्ता गेला आहे.’ येथला ‘गेला आहे’ हा प्रयोग मोठा सूक्ष्म आहे. मराठीतला रस्ता एकदाचा जाऊन पोहोचलेला असतो. प्रवाशाने तेवढे मागाहून जायचे. गोव्याची उत्तर सीमाही अशीच तेरेखोल नदीच्या बाजूने ‘गेली आहे’. तेरेखोलचा किल्ला तेवढा नदीपलीकडे राहिला आहे. या सीमेने ‘रन’चा आणखी एक अर्थ पाहिला आहे. १९५५ पासून भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा सरहद्दीवरून चोरटा माल इकडून तिकडे होई. पहारा चुकवून माल नेणे, यालाही इंग्रजीत ‘रन’च म्हणतात. तो अर्थ कोणत्याही शालेय शब्दसंग्रहात बहुधा सापडत नाही, आणि सापडला नाही म्हणून फारसे बिघडतही नाही.

निवडणुकीची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत ‘रन’ होतो. इंग्लंडात तो ‘स्टँड’ होतो, म्हणजे उभा राहतो. १९६३ च्या डिसेंबरात गोव्यात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा पेडण्या-डिचोलीच्या मतदारांसमोर उमेदवार उभेच राहिले. आजही ते उभे राहतात, फार तर निवडणूक लढवितात. मराठीने येथे इंग्रजांचे ऐकले, अमेरिकनांचे ऐकले नाही. आता वृत्तसंस्थांच्या तारांतून अमेरिकन इंग्रजी येते आणि उमेदवार ‘शर्यतीत’ असल्याचे छापून येते. उभे राहण्यात जी एक भारदस्त नम्रता होती ती त्यात राहत नाही.

आतापर्यंतच्या विवेचनावरून असे वाटण्याचा संभव आहे की, ‘चालणे’ आणि ‘वाहणे’ या दोन किल्ल्यांनी ‘रन’ची सारी कुलुपे उघडतील. तसे होत नाही, हे कबूल केले पाहिजे. मुलाला ताप येतो, चढतो, अंगात भरतो. इंग्रजीत मूलच ताप ‘रन’ करते. कर्जात माणूस बुडतो. इंग्रजीत तो धावत कर्जात शिरतो. रस्त्यात जुना मित्र भेटला तर आपली त्याची गाठ पडते. इंग्रजीत त्याच्यावर धावून जातात, आणि तरी भांडण होत नाही. गाडी एखाद्याच्या ‘ओव्हर’ रन झाली की तो गाडीखाली सापडतो. धोका आपण पत्करतो. ते धोकाही धावतात. हे प्रयोग एकेक करून, वाक्यासकट शिकावे लागतात. त्यांना सूत्र नाही. गुण घराण्यात ‘रन’ होतो म्हणतात, तेथे मात्र मराठी पुन्हा मदतीला येते. भजनाचे अंग एखाद्या घरात पिढ्यान्पिढ्या असले, तर ते त्या घराण्यात ‘चालत आलेले’ असते.

इंग्रजी शिकविण्याची जुनी मराठी रीत याच वाटेने जाई. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, आणि कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. त्यांत एका शब्दापुढे त्याच्या उपयोगांची रांग लावलेली असे. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी अनेक पिढ्यांना एका भाषेतून दुसरीत आणि दुसरीतून पहिलीत येरझारा घालायला लावल्या. या पद्धतीत कंटाळा होता, घोकंपट्टी होती, आणि बोलण्याचा सराव जवळजवळ नव्हता, हे दोष खरेच. परंतु मुलाची स्वतःची भाषा वर्गाबाहेर ठेवायची कल्पना त्या पद्धतीला सुचली नव्हती. आज ती पुष्कळांना सुचते. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारला तर इंग्रजी बिघडते, अशी एक समजूत दृढ होत चालली आहे, आणि तिचा पगडा पालकांच्या मनावर अधिक आहे.

या समजुतीचे परिणाम गोव्याच्या शाळांच्या इतिहासात दिसतात. मुक्तीनंतर दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांत त्या मुख्यतः मराठी होत्या. प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी व कोंकणी या माध्यमांपुरते राखण्याचे धोरण १९९० साली आले. २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही त्या अनुदानाची वाट मोकळी झाली. दरम्यान मराठी शाळांचा पट रोडावत गेला आणि कित्येक शाळांना कुलपे लागली. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. पाचवीत गेल्यावर मुलाची होणारी ओढाताण त्यांनी पाहिलेली असते, आणि ती टाळावी म्हणून ते त्याला पहिलीपासूनच इंग्रजी शाळेत घालतात. पण ती ओढाताण मराठीमुळे होते की मराठी आणि इंग्रजी यांची गाठ कोणी घालून न दिल्यामुळे होते, एवढे तरी तपासून पाहायला हवे होते. पहिलीपासून इंग्रजीत बसलेल्या मुलालाही ‘रन’ म्हणजे धावणे एवढेच पाठ असते, आणि तोही त्या नळापाशी येऊन तसाच थबकतो. फरक इतकाच की, त्याला ‘शाळा चालते’ हे वाक्यही नीटसे आपले वाटत नाही. त्याला आधार घ्यायला दुसरी भिंत उरत नाही.

एखाद्या शिक्षकाने किंवा शिक्षिकेने हा प्रयोग करून पाहायला काही खर्च लागत नाही. इंग्रजी पुस्तकातली ‘रन’ची दहा वाक्ये निवडावी, आणि मुलांना त्यांचा अर्थ न विचारता एवढेच विचारावे की, तुमच्या घरी आई हे कसे म्हणेल? कोणी मराठीत सांगेल, कोणी कोंकणीत. दोन्ही उत्तरे घ्यावी. ‘चलता’ आणि ‘चालते’ या बहिणीच आहेत. फळ्यावर एका बाजूला धावणे, दुसऱ्या बाजूला चालणे, तिसऱ्या बाजूला वाहणे अशा तीन उभ्या ओळी होतील, आणि काही वाक्ये कोणत्याच ओळीत बसणार नाहीत. ती न बसणारी वाक्येच मुलांना सर्वांत अधिक लक्षात राहतील.

त्यांतही एक वाक्य उलट दिशेने अडेल. केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत माणसे उभी असतात. बोट पलीकडे तेरेखोलला असते आणि येण्याचे चिन्ह दिसत नाही. कोणी तरुण घड्याळ पाहून चडफडतो. शेजारची म्हातारी डोक्यावरची टोपली खाली ठेवते आणि म्हणते, ‘चालायचंच, बाबा.’ ‘रन’च्या त्या ६४५ अर्थांत हा अर्थ नाही, ‘वॉक’मध्येही नाही. पाचवीतल्या मुलाने त्याचे इंग्रजी काहीही केले, तरी तेथे शिक्षकांनी तांबडी शाई जरा आवरती घ्यावी.